तिसऱ्या राजाचा मुकुट

आज इथे जर्मनीत, बोब्लिंगेनच्या चर्चमध्ये मी जे बोलून बसले, ते इथे लिहूनच टाकते.

माझी नऊ वर्षांची ईरा तिथल्या मुलांच्या क्वायरमध्ये गाते. जानेवारीत ही मुलं येशूला भेटायला आलेले तीन राजे बनून घरोघरी गाणी म्हणतात. त्यातला तिसरा राजा आफ्रिकेतला, काळा. आजच्या तालमीत क्वायरच्या सरांनी नेमका त्याचाच मुकुट ईराच्या डोक्यावर ठेवला.

"तिला दुसरा राजा द्या ना," मी पटकन म्हणाले.

बाकीचे पालक एकदम माझ्याकडे वळून बघायला लागले. कारण सर स्वतः काळे आहेत. वडील घानाचे, जन्म इथलाच.

"का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

उत्तर होतं, पण त्यांच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

"लहानपणी दरवर्षी हा मुकुट मलाच मिळायचा," ते म्हणाले. "गायला मात्र एक ओळही नसायची. यंदा मी या राजासाठी सोलो लिहिलाय. ईराचा आवाज सगळ्यांत चांगला आहे, म्हणून तिला दिला."

मी ईराचा तिरका झालेला मुकुट सरळ केला आणि मागे जाऊन बसले.

दर रविवारी मी ईराच्या चेहऱ्याला डाळीचं पीठ आणि साय लावते, रंग उजळावा म्हणून. सासूबाई व्हिडिओ कॉलवर बघून खूश होतात.

उद्या रविवार. मघाशी ईराने जर्मनमध्ये विचारलं, "आई, उद्या पीठ लावायचं? राजा तर काळा आहे ना?"

अजून उत्तर दिलेलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?