तोट्याचा शिरा

अविदादा गेला.
आणि आज दुपारी त्याच्या घरी शिरा झाला.

नाशिकहून कुणीतरी फोनवर म्हणालं, "अगं मेधा, सुतकात गोड?"
मेधावहिनींनी फोन ठेवून दिला.

ज्यांनी दादाला पाहिलं नाही, त्यांच्यासाठी लिहितोय. ज्यांनी पाहिलंय त्यांना शिरा म्हटल्यावरच सगळं कळलं असेल.

दोन हजारनंतरची वर्षं. गाव जर्मनीतलं इंगोलश्टाट.
आम्ही झाडून सगळे मराठी इंजिनिअर गाड्यांच्या धंद्यात. दादा गिअरबॉक्सवाला. पगार उत्तम, नोकरी कायमची, बॉस चक्क हसणारा.
असली नोकरी त्याने सोडली.
का? तर घरी बसून शेअर ट्रेडिंग करायचं म्हणून!

आम्ही त्याला वेड्यात काढलं. वहिनींना तेव्हा नोकरी नव्हती, लेक सई लहान, आणि क्रांकनकासेचा, म्हणजे आरोग्य विम्याचा, हप्तासुद्धा आता स्वतःच्या खिशातून.
वहिनी एवढंच म्हणाल्या, "अहो, दोन वर्षं घ्या. नाही जमलं तर चंबूगबाळं आवरून नाशिक."
दादा म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.

बाजार उघडायच्या आधी हा माणूस आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पायात बूट चढवून स्वतःच्याच किचनच्या टेबलाशी बसायचा. शेजारच्या जर्मन आजी त्याला बेकार समजायच्या आणि दया येऊन केक आणून द्यायच्या. तो आनंदाने खायचा.

त्याचा नियम एकच. कुठलाही सौदा करताना, कितीला हार मानायची ते आधी ठरवायचं. भाव तिथे आला की बाहेर. मग कुणी कितीही समजावो.
"बाहेरचं दार कुठेय ते बघायचं, मगच आत शिरायचं रे."

आणि असा ठरवलेला तोटा घेतला, की त्या दिवशी घरात शिरा. जर्मन रवा, घरी कढवलेलं तूप, वेलदोडा. स्वतः करायचा.
फायद्याच्या दिवशी मात्र वरणभात.

मी एकदा विचारलं, "दादा, हे उलटं नाही का?"
"फायदा नशिबाने होतो, मिलिंद. वेळेवर तोटा घ्यायला मी लागतो. मग तोंड माझं गोड नको?"

सई शाळेतून आली की जिन्यातच तुपाचा वास घ्यायची आणि आनंदाने ओरडायची, "पापा, हास्ट डू फरलोरन?" म्हणजे, बाबा, हरलास का? मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर कायम जर्मनमध्येच.

मग २००८ चा ऑक्टोबर आला. वहिनींनी दिलेली मुदत संपत आली होती. दादाचं घर जेमतेम चाललं होतं.

गाड्या खपत नव्हत्या, ते पेपरातच येत होतं. तरी एका मोठ्या कार कंपनीचा शेअर चढतच होता. आमच्यातल्या निम्म्यांनी पैज लावली की हा पडणार. पडला तर कमाई, चढला तर नुकसान. गाडीतला स्क्रू न् स्क्रू ओळखणारे आम्ही, आम्हाला कोण शिकवणार!

दादानेही लावली. बरीच मोठी.

भाव अजून चढला. त्याने ठरवलेल्या आकड्याला टेकला.
मी त्या दिवशी सुट्टीवर, त्याच्या किचनमध्ये चहा पीत होतो. मित्रांचे फोनवर फोन. "दादा, थांब रे! पडणारच आहे! तू तर इंजिनिअर आहेस!"
"मला गिअरबॉक्स कळतो," दादा म्हणाला. "हे कळत नाही."
आणि तो सौद्यातून बाहेर पडला. वर्षभराच्या कमाईचा लचका तुटला.

मग उठून त्याने रवा भाजायला घेतला.

वहिनींनी त्या दिवशी शिऱ्याला हात लावला नाही. "नाशिकची तिकिटं बघा," म्हणाल्या आणि आत गेल्या. दादाने माझी आणि सईची ताटली भरली, स्वतःची भरली, आणि शांतपणे खाल्लं. ते मी पाहिलंय.

पुढच्या आठवड्यात तो शेअर पडला नाही. आभाळाला जाऊन भिडला! दोन दिवसांत भाव काही पटींनी वर. जे थांबले होते ते पार धुऊन निघाले. आमच्यातल्या एकाची सगळी बचत गेली.

मी धावत दादाकडे गेलो. वहिनी स्क्रीनसमोर उभ्या होत्या, तोंडावर हात. तो तसाच बसून राहिला असता तर नाशिकच्या तिकिटालाही पैसे उरले नसते, हे त्यांना दिसत होतं.
दादा खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होता. एका शब्दाने म्हणाला नाही की बघा, मी सांगत होतो.

वहिनींनी गॅसवर कढई ठेवली.
"आज कशाला शिरा? आज कुठे तोटा झालाय?" दादाने विचारलं.
"त्या दिवशीचा माझा राहिलाय," वहिनी म्हणाल्या.

मुदतीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. ट्रेडिंगवरच सई शिकली, मोठी झाली. मी पुढे मोठमोठी हुशार माणसं पाहिली. पण हरताना इतका ताठ बसलेला माणूस दुसरा पाहिला नाही.

आज गेलो तेव्हा जिन्यातच तुपाचा वास आला. पाय तिथेच थांबले.
आत सई कढईपाशी उभी. रवा जरा करपला होता. डोळे सुजलेले. तिने ताटली माझ्या हातात दिली आणि मराठीत म्हणाली,
"खा, काका. आज आम्ही खूप हरलो."

वहिनी तिच्या शेजारी बसून खात होत्या. पहिल्या घासापासून.

दादा, ताटली पुसून खाल्ली रे.
नीट जा.