‘धरा’ आणि ‘सोडा’च्या मधले मामा

मामांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी मेलो होतो. निदान नव्वद टक्के तरी. उरलेले दहा टक्के एका थंडगार पत्र्याला छाती टेकून, हनुवटी वर करून आणि कोपरं पुढे काढून भिंतीवरच्या पालीसारखे उभे होते. दोन महिने माझा खोकला हटत नव्हता. ऑफिसातले लोक त्यावर घड्याळं लावू लागले होते. घरी बायकोने “एक तर तो खोकला घराबाहेर काढा, नाहीतर त्याच्याबरोबर तुम्ही तरी निघा,” असं बजावलं होतं. म्हणून छातीचा फोटो काढायला मी दवाखान्याच्या नऊ नंबरच्या खोलीत गेलो. दवाखान्यात एक्स-रेला सगळे फोटोच म्हणत. कोपऱ्यातल्या आडोशामागून आवाज आला, “श्वास घ्या.” मी घेतला. “धरा.” मी धरला. आणि तेवढ्यात आडोशामागचा टेलिफोन वाजला.

फोनवर मामी होत्या, हे मला नंतर कळलं. त्या कापडाच्या दुकानातून बोलत होत्या आणि पडद्यांसाठी निळं घ्यायचं की करडं, एवढाच प्रश्न होता. पण मामांना दोनातलं एक निवडायला सांगणं म्हणजे मुंगीला नदी ओलांडायला सांगण्यासारखं. “निळं बरं,” आवाज म्हणाला, “पण करडं मळत नाही. पण निळ्याने खोली कशी…” पहिल्या निळ्यापाशी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. करड्यापाशी माझं अख्खं आयुष्य समोरून गेलं, झोपेत घालवलेला भाग धरून. दुसऱ्या निळ्यापाशी माझ्या जन्माआधी वारलेले पणजोबा दिसले. त्यांनी मला ओळखलं नाही, पण शेजारच्याला “जरा सरका, आणखी एक येतोय,” एवढं मात्र सांगितलं.

शेवटी फोन ठेवून मामा बाहेर आले. उंच, किंचित वाकलेले, बोटांची टोकं रसायनांनी तपकिरी झालेली आणि डोळे सारखे मिचकावणारे.

“अरेच्चा, तुम्ही अजून सोडला नाहीत?”

“तुम्ही सोडा म्हणाला नाहीत,” एवढं बोलून मी त्यांच्या अंगावर कोसळलो.

मामांनी मला बाकावर बसवलं, पाणी पाजलं, कागदाच्या पुठ्ठ्याने वारा घातला. मग आम्ही दोघंही गप्प बसलो आणि दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की मी खोकत नाहीये. दहा मिनिटं गेली. वीस गेली. दोन महिन्यांचा तो हटवादी पाहुणा सामानसुमान घेऊन निघून गेला होता.

“गेला,” मी म्हणालो.

“कुठे?” मामांनी विचारलं, आणि खरोखर माझ्या मागे बघितलं.

दवाखान्यात तोंडावर सगळे त्यांना मामा म्हणत, पाठीमागे ‘धरासोडा’. एक तर एकतीस वर्षं दिवसातून साठ वेळा ते ‘धरा, सोडा’ म्हणत आले होते. दुसरं म्हणजे स्वभावाने ते पक्के धरसोड. चपला घ्यायला गेले, तर दुकानदार घरी जेवून, डुलकी काढून परत यायचा आणि विचारायचा, “ठरलं का?” फक्त नऊ नंबरच्या खोलीत त्यांचा हात कधी अडखळत नसे. भिंतीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात पाटी होती: ‘दागिने काढा. बटणे काढा. बायकांनी वेणी वर घ्यावी.’ लांब वेणी खांद्यावर राहिली तर फोटोत तिची सावली पडते आणि भलताच आजार दिसतो. शिकाऊ पोरं असलं विसरत. मामा विसरत नसत.

बरं वाटल्याचं सांगणारा मी पहिला नव्हतो. “फोटो काढला आणि गुण आला हो,” असं म्हणणारे पेशंट मामांना वर्षानुवर्षं भेटत आले होते. ते हसून सोडून देत. फोटो म्हणजे औषध नव्हे, फोटोने कोणी बरं होतं का. पण माझा खोकला त्यांच्या डोळ्यांदेखत गेला होता, आणि तो गेला तेव्हा फोटो काढलेलाच नव्हता. होता तो फक्त धरलेला श्वास.

तिथून मामा कामातून गेले. पहाटे उठून आसन घालून बसू लागले. श्वास आत गेलेला असतो आणि बाहेर निघालेला नसतो, त्या मधल्या जागेत माणूस देहाचा राहत नाही, आणि देहाचा नसलेला माणूस आजारी कसा पडेल, असा त्यांचा विचार होता. मी दर शनिवारी ऑफिस सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊ लागलो. मामा मला ‘भाचे’ म्हणत.

“भाचे, एकतीस वर्षं माणसाच्या आत बघतोय. हाडं दिसली, खडे दिसले, एकदा एकाने गिळलेली कपाटाची किल्ली दिसली. पण मी धरा म्हटल्यावर जो धरतो, तो कुठल्या फोटोत दिसला का?”

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. विचार केला तर हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

फोटो वाचायचं काम डॉक्टरबाईंचं. त्या मामांच्या मुलीच्या वयाच्या, बोलायला मोजक्या. मामा मला हाताला धरून त्यांच्यापुढे उभं करत. “हा बघा. औषध नाही, गोळी नाही.”

“मामा, खोकला जायलाच आला होता,” त्या म्हणायच्या. “बस सुटतच होती, तुम्ही तेवढ्यात हात हलवलात. म्हणून बस तुम्ही सोडली असं होत नाही.”

“मग तुमची गोळी दिली जाते तेव्हाही बस सुटतच असेल की.”

त्या हसल्या. “असेल. म्हणून तर आम्ही हजार बस मोजतो. तुम्ही एकच मोजलीत.”

“पण त्या एकीत हा बसला होता ना,” मामा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. दोघांचंही मला पटलं. तो माझा जुना दोष आहे. शेवटचं जो बोलेल तो बरोबर.

इथे एक कबुली देऊन टाकतो. माझा खोकला तीन आठवड्यांनी परत आला होता. मी तो मामांपासून लपवला. उबळ आली की मी “आलोच” म्हणून बाहेर पडायचो आणि जिन्याखाली सायकलींमध्ये उभा राहून खोकून यायचो. मामांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद घालवायला माझी जीभ रेटत नव्हती. मग दोनेक दिवसांनी तो आपोआपच गेला.

एवढ्यात मामींना खोकला लागला. मामी पोस्टात काउंटरवर होत्या आणि त्यांच्या बोलण्यात शिक्क्याचा ठणठणीत आवाज असे. त्यांनी पंधरा दिवस नवऱ्याच्या सांगण्यावरून श्वास धरला. खोकला वाढला. डॉक्टरबाईंनी बोलावून घेतलं आणि फोटो काढायला सांगितला. तो मामांनीच काढला. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म पाण्यातून वर काढली, तेव्हा पहिल्यांदा त्यांनाच दिसलं. उजवीकडे वर, गळपट्टीच्या हाडाखाली, लिंबाच्या फोडीएवढा डाग.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “दहा दिवस गोळ्या. सहा आठवड्यांनी परत फोटो. तसाच असेल, तर सुई घालून तुकडा तपासायला हवा.” पुढचं त्या बोलल्या नाहीत. एकतीस वर्षं मामांनी ते न बोललेलं ऐकलं होतं.

त्या शनिवारी मी गेलो तेव्हा मामी दुकानात गेल्या होत्या आणि मामा टेबलाशी बसले होते. पुढ्यात गोळ्यांचं पाकीट, न उघडलेलं.

“तिला अजून दिल्या नाहीत,” ते म्हणाले.

“मामा.”

“ऐका तरी. गोळ्या दिल्या आणि डाग गेला, तर मला जन्मात कळणार नाही कशाने गेला. नुसता श्वास धरला आणि गेला, तर कळेल.”

“आणि नाही गेला तर?”

ते पाकीट या हातातून त्या हातात घेत राहिले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं आपण सहज बोलून जातो. त्याचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला.

“तुमचा तर गेला ना भाचे,” ते म्हणाले. “तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो.”

आयुष्यात कोणी माझ्यावर इतका विश्वास टाकला नव्हता, आणि इतक्या चुकीच्या जागी तर मुळीच नाही. मी खाली मान घालून सायकलींचं सगळं सांगितलं.

“परत आला होता?”

“दोन दिवस.”

“मग गेला कसा? श्वास धरलात?”

“नाही.”

“औषध?”

“तेही नाही. तसाच गेला.”

मामा माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. “म्हणजे आता तिसरंच काहीतरी निघालं,” ते हळू आवाजात म्हणाले.

मामी दारात कधी आल्या ते आम्हाला कळलं नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली, खोकला आवरला, मामांच्या हातातलं पाकीट घेतलं आणि एक गोळी पाण्याबरोबर गिळून टाकली.

“अगं, पण मग कळणार कसं?”

“अहो, तुम्हाला कळून घ्यायचंय. मला बरं व्हायचंय,” मामी म्हणाल्या. “मी गोळ्याही घेते आणि तुमचा श्वासही धरते. महत्त्वाचं पत्र असलं की लोक रजिस्टरही करतात आणि साधंही टाकतात. कुठलं का होईना, पोचल्याशी मतलब.” मग माझ्याकडे वळून, “आणि तुम्ही. पुढच्या खेपेला खोकायचं असलं तर घरात खोका. खालच्या बाई मला विचारत होत्या, सायकली खोकतात का म्हणून.”

मामींनी दहा दिवस गोळ्या घेतल्या. पहाटे मामांसमोर बसून अकरा वेळा श्वास धरला, तोही रोज, चुकवाचुकवी न करता. मामा समोर बसून “धरा” म्हणायचे. बायकोला अहोजाहो फक्त तेवढ्यापुरतं. मामी सांगायच्या की “सोडा” म्हणताना त्यांचा आवाज फुटायचा. खोकला तिसऱ्या आठवड्यात गेला.

दुसरा फोटो मामांनीच काढला. ओली फिल्म घेऊन ते डॉक्टरबाईंच्या खोलीत आले, तेव्हा आम्ही तिघं तिथेच होतो. बाईंनी दिव्याच्या काचेवर जुना फोटो लावला, शेजारी नवा. डाग नव्हता. मी इकडून पाहिला, तिकडून पाहिला. नव्हता.

“गोळ्या लागू पडल्या,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि खुर्चीत जरा सैल झाल्या.

“आणि चाळीस दिवस अकरा वेळा,” मामा म्हणाले. डोळे पुसत होते.

मामी काचेजवळ गेल्या. दोन्ही फोटो त्यांनी काउंटरवरचं पाकीट तपासावं तसे पाहिले. “या वेळी तुम्ही मला वेणी वर घ्या म्हणालात,” त्या म्हणाल्या. “त्या वेळी म्हणाला नव्हतात.”

मामांनी डोळे पुसायचे थांबवले.

“म्हणालो असेन,” मामा म्हणाले.

“नव्हतात. हात थरथरत होते तुमचे. मीच म्हटलं, आटपा.”

डॉक्टरबाईंनी जुना फोटो काढून खिडकीशी धरला. बराच वेळ पाहिला. “वेणी अशी दिसते कधी कधी,” त्या म्हणाल्या. “पण न्यूमोनियाही असाच दिसतो. तेव्हा मी वेणी म्हणाले नव्हते, आताही छातीठोक म्हणणार नाही.”

“मग वेणी खाली सोडून आणखी एक काढू. जुळवून बघू.”

“बऱ्या माणसाला उगाच किरणं द्यायची नाहीत, मामा.”

“पण मग कळणार कसं?”

“नाही कळणार,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनाही ते आवडलेलं दिसलं नाही.

मामी पर्स उचलून निघाल्या. त्यांना साडेअकराला काउंटर उघडायचं होतं.

त्यानंतर मामा रोज जेवणाच्या सुट्टीत ते दोन फोटो काचेवर लावून भिंग घेऊन बसत. वेणी असेल तर पेड दिसायला हवेत. सोमवारी त्यांना पेड दिसत, मंगळवारी दिसत नसत. मलाही बोलावून दाखवलं. मला एकदा पेड दिसले, एकदा ढग दिसला, आणि एकदा चक्क आमचे साहेब दिसले.

“वेणी असेल, तर मी माझ्या हाताने तिच्या छातीत डाग काढून ठेवला,” ते म्हणाले. “गोळ्या असतील, तर ठीकच. बाईंचं बरोबर. पण श्वास असेल, भाचे…” भिंग त्यांनी टेबलावर ठेवलं. “श्वास असेल, तर मी इतकी वर्षं केलं काय? लाखो लोकांना धरायला लावला, आणि दोन सेकंदांत सोडा म्हणालो.”

मी डबा उघडला आणि अर्धा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो खाल्ला नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत.

हे भिंग पाच वर्षं चाललं. पाच वर्षं झाली की दवाखाना नियमाप्रमाणे जुन्या फिल्म काढून टाकतो. त्यांच्यात थोडी चांदी असते, ती वितळवून काढतात. एका सोमवारी आलेल्या टेम्पोत मामींचे दोन्ही फोटो गेले. मामा त्या दिवशी रजेवर होते. रजेचा अर्ज त्यांनी टेम्पोची तारीख कळली त्याच दिवशी दिला होता.