आत्मारामांची गोभी

आत्माराम सबनीस हिंदी मुलखातल्या मानक नगरच्या रेल्वे संशोधन केंद्रात नोकरीभर गाड्यांची चाकं किती झिजली ते मोजत होते. २०१० साली निवृत्त झाले आणि लगेच शेतकरी झाले. शेत ऑनलाइन खेळातलं, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं. चिखल नव्हता, पण पीक वेळेवर काढलं नाही तर सुकून जाई.

त्यांची मुलगी मैत्रेयी मानसशास्त्रात संशोधन करत होती. असे खेळ खेळणाऱ्यांना स्वतःच्या सवयीबद्दल काय वाटतं, ते तिला मोजायचं होतं. पहिला माणूस तिने घरातलाच बसवला.

"'खेळासाठी मी महत्त्वाचं काम कधीच पुढे ढकललेलं नाही.' सहमत?"

"पूर्णपणे."

"बाबा, कानपूरवाले मला बघायला रविवारी येणार होते. आपने मना कर दिया."

"रविवारी गोभी तयार होत होती. माणसं आठवडाभर थांबू शकतात, गोभी थांबत नाही. याला नियोजन म्हणतात, सवय नव्हे."

कानपूरवाले थांबले नव्हते. मैत्रेयीला तो मुलगा फोनवरच्या बोलण्यातून आवडला होता. तिने उत्तर लिहून घेतलं. शेवटी गुणांची बेरीज केली, तर तिच्या मापाने बाबा ठणठणीत निघाले. अख्ख्या कॉलनीत इतका निरोगी माणूस सापडला नसता.

"बाबा, तुम्ही कधी चाकाला विचारलंत, कितना घिस गए?"

"चाक काय सांगणार? त्याला स्वतःची झीज कळत नाही," आत्माराम म्हणाले. "माणसाचं तसं नसतं."

आणि ते वांगी काढायला वळले.