आष्टीचा सप्ताळू

पुण्याच्या बसस्थानकावर मी चुकीच्या आष्टीच्या गाडीत बसले होते. तिकीट फाडण्याआधी वाहकाने सहज विचारलं, "बीडकडची आष्टी ना?"

"नाही हो. जालना जिल्हा, परतूर तालुका."

"मंग उतरा ताई जल्दी! ती आष्टी येगळी, ही येगळी. तुम्ही जालन्याची गाडी धरा."

पिशव्या सांभाळत मी खाली उतरले आणि गाडी माझ्यासमोरून निघून गेली. एकाच नावाची दोन मोठी गावं असतील, हे कुडाळहून निघताना माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. कुडाळजवळ माझी आंबा-काजूच्या कलमांची छोटी रोपवाटिका आहे. घाटावर मी कामापुरती येते, मराठवाड्यात तर कधीच आले नव्हते. यावेळी मला एका फोटोने ओढून आणलं होतं. आष्टीच्या यशवंत गुरुजींनी तो मोबाईलवर पाठवला होता. हे निवृत्त प्राथमिक शिक्षक कलमांविषयी काहीबाही विचारायला वर्षभर मला फोन करत होते. फोटोत त्यांच्या तळहातावर एक गुलाबी-पिवळं, लवदार फळ होतं. खाली लिहिलं होतं, 'सप्ताळू. आपल्या शेतातला. बघायला या.'

सप्ताळू म्हणजे बाजारात ज्याला पीच म्हणतात ते. याच्या झाडाला फुलायला चांगली कडक थंडी लागते. जालन्याच्या उन्हात ते फळतं यावर माझा विश्वास बसेना, आणि एप्रिलच्या मध्यावर, धंद्याची घाई सोडून, मी निघाले.

जालन्याहून परतूरपर्यंत एसटी आणि पुढे जीप. खिडकीतून येणारा वारा चुलीसमोर बसल्यासारखा लागत होता. आमच्या कोकणात उन्हाळा अंगाला चिकटतो. इथे घाम येतो आणि दिसण्याआधीच वाळून जातो. नांगरून टाकलेली काळी रानं, त्यांत डोक्याएवढी ढेकळं आणि मधूनच मोसंबीच्या बागेचा गडद हिरवा चौकोन. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोणाकडं जाऊन राह्यलात?" मी गुरुजींचं नाव सांगितलं, तर त्या जीपभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ते झाडाची हजेरी घेणारे गुरुजी? त्यांचं शेत रस्त्यालाच हाय, सांगते मी."

त्या बोलण्याचा उलगडा शेतावर झाला. गुरुजी बांधावर उभेच होते. उंच, वाळलेले, पांढरा सदरा. "जय भीम ताई, या, या." मागून त्यांच्या पत्नी सुभद्राबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. घराच्या ओट्यावर, बुद्धाच्या तसबिरीखाली शाळेतला एक जुना हजेरीपट ठेवला होता. विद्यार्थ्यांच्या जागी त्यात रोपांचे क्रमांक होते. जगलेल्या रोपापुढे 'ह', मेलेल्यापुढे 'गै'.

"साठ कोया पेरल्या, अडतीस उगवल्या," गुरुजी म्हणाले. "आज हजर अकरा."

जेवताना सगळी हकीकत कळली. जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि येसराची आमटी (भाजलेली धान्यं आणि मसाले दळून करतात ते येसर) होती. गुरुजींची लेक संघमित्रा पंजाबात एका दवाखान्यात परिचारिका आहे. तिकडच्या मैदानी भागात कमी थंडीत येणाऱ्या सप्ताळूच्या बागा आहेत. सहा-सात वर्षांपूर्वी तिने दोन रोपं आणून दिली. ती इथे जगली, पण फूल जेमतेम आलं आणि उन्हाने फळ झाडावरच चिरलं. मग गुरुजींना अंबडला एका वकिलांच्या परसात एक जुनं झाड सापडलं. कोणी लावलं ते कोणालाच माहीत नव्हतं. फळ लिंबाएवढं, आंबट-तुरट, लोणच्याच्या कामाचं. पण झाड दरवर्षी न चुकता फुलायचं आणि उन्हाला दाद द्यायचं नाही.

"म्हटलं, या दोघांचं लगीन लावू," सुभद्राबाई हसून म्हणाल्या. "लगीन मी लावलं बरं का. ह्यांचा हात कापतो."

पंजाबच्या झाडाची कळी उमलण्याआधी नखाने उघडायची आणि आतले सगळे पुंकेसर काढून टाकायचे. अंबडच्या झाडाचे पराग औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून एसटीने आणायचे आणि कोंबडीच्या पिसाने एकेका फुलाला लावायचे. वर कागदाची पुडी बांधायची. हे त्यांनी दोन हिवाळे केलं. फळं धरली, त्यांच्या कोया ओल्या वाळूत घालून अडीच महिने फ्रीजमध्ये ठेवल्या, कारण थंडी खाल्ल्याशिवाय ही कोय रुजत नाही.

"दूध ठिवायला जागा न्हाई फ्रीजात," सुभद्राबाई म्हणाल्या, "आन् ह्यांची वाळू थंड हवा खाऊन राह्यली."

ऊन उतरल्यावर आम्ही झाडं बघायला गेलो. अकरापैकी यंदा पाच फळली होती. चौघांची फळं मी चाखली. कुणाचं पाणचट, कुणाचं कडसर. मग गुरुजी एकतिसाव्या झाडापाशी थांबले. त्यावर नऊ फळं होती. त्यांनी एक तोडलं, धोतराच्या सोग्याला पुसलं, चार फोडी केल्या आणि कोय खिशात टाकली. मी फोड तोंडात घातली. आधी रस, मग गोडी, मग शेवटी जिभेच्या कडेला हलकी आंबट चुणचुण. वास आपल्या पायरी आंब्याच्या देठाजवळ येतो तसा, पण त्याहून सौम्य. मी दुसरी फोड उचलली. गुरुजींना तेवढं उत्तर पुरलं.

तिसरी फोड खाताना माझं लक्ष बुंध्याकडे गेलं. सालीतून तपकिरी डिंक ओघळून गोठला होता. उजवीकडची फांदी वाळली होती, दुसरीची पानं पिवळी पडत होती. मी नखाने साल खरवडली. आतून काळी.

"गुरुजी, हे झाड जाणार."

"माहीत हाय," ते म्हणाले. "म्हणूनच बोलावलं तुम्हाला. फोनवर सांगितलं न्हाई, सांगितलं असतं तर आला नसता."

मला रागच आला. मी विचारलं, "इथे मोसंबीचे डोळे भरणारे किती लोक आहेत. त्यांना नाही का दाखवलं?" (डोळा भरणे म्हणजे चांगल्या झाडाचा कोंब फुटणारा डोळा दुसऱ्या रोपाच्या सालीखाली बसवणे.)

"एक जण आणला व्हता. त्यानं आठ डोळे भरले, आठी वाळले. म्हणला, साल सुटून नाही राह्यली, पावसाळ्यात बघू."

पावसाळ्यापर्यंत झाड टिकणार नव्हतं, आणि कोय पेरून हीच चव परत येत नाही. साल लाकडापासून सुटत नसेल तर एक उपाय असतो: डोळा थोड्या लाकडासकट कापायचा आणि रोपावर तेवढीच खाच करून तिच्यात बसवायचा. काजूवर मी हे केलं होतं. सप्ताळूला कधी हातही लावला नव्हता, आणि तेही असल्या उन्हात. तसं मी स्पष्ट सांगितलं. शिवाय डोळे घ्यायचे तर जिवंत राहिलेली एकच फांदी कापावी लागणार होती, आणि उरलेली आठही फळं नेमकी तिच्यावरच होती.

गुरुजींनी फांदीवरची फळं एकदा मोजली. मग म्हणाले, "आठ दिवस थांबता येईल का? संघमित्रा येऊन राह्यली सुट्टीवर. तिनं आणलेल्या झाडाचंच हे लेकरू. यातलं एखादं फळ तरी तिच्या हातानं तोडावं असं मनात होतं."

आठ दिवसांत ती फांदीही पिवळी पडली असती. सुभद्राबाईंनी खाली वाकून डिंकाला बोट लावलं आणि नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पोरीला फळ दाखवायचं का झाड? उद्या कापा."

दुसऱ्या दिवशी उजाडताच कामाला लागलो. डोळे बसवायची रोपं, अंबडच्या झाडाच्या कोयांपासून वाढवलेली, हिरव्या जाळीखाली होती. गुरुजींनी आधी आठही फळं उतरवली आणि ज्वारीच्या धान्यात पिकायला ठेवली. मग फांदी कापायला कात्री मी त्यांच्याच हातात दिली, पण त्यांनी ती फांदीला नुसती लावली आणि मला परत केली. मी कापली. ओल्या गोणपाटात गुंडाळली.

पहिल्या तीन डोळ्यांना खाच कधी खोल, कधी उथळ झाली. चौथ्याला चाकू निसटून अंगठ्यात गेला. सुभद्राबाईंनी हळद दाबली, चिंधी बांधली आणि म्हणाल्या, "कापा बिनघोर, बांधायचं मी बघते." त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी त्या प्लॅस्टिकची पट्टी बोटांनी चाचपून अशी घट्ट गुंडाळत होत्या की मला एकही परत बांधावी लागली नाही. दहा वाजायच्या आत चौदा डोळे झाले. रोपांवर ओली गोणपाटं टाकली. कापलेलं झाड बोडकं उभं होतं. गुरुजी त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

परतीच्या जीपपर्यंत ते सोडायला आले. "जगले तर तुमचं नाव देऊ झाडाला," म्हणाले.

"नका देऊ," मी म्हटलं. "मी एक सकाळ काम केलंय."

मे महिन्यात फोन आला. चौदापैकी अकरा डोळे काळे पडले होते, तीन हिरवे होते. जूनमध्ये त्यातला एक गेला. उरलेल्या दोघांना बोटभर कोंब फुटले आणि त्याच सुमारास मूळ झाड वाळून गेलं. संघमित्राने एप्रिलअखेर आल्यावर धान्यात पिकलेली फळं खाल्ली होती. तिला काय वाटलं, असं मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "रडली. मंग आईला म्हणली, अजून एक दे."

आता रोपवाटिकेत पावसाळ्याची गर्दी आहे. परवा एका गिऱ्हाइकाने हापूसचं कलम हातात घेऊन विचारलं, "हे कुठल्या झाडाचं?" मी रोजच्यासारखं सांगितलं, आमच्याच बागेतल्या. तो पैसे देऊन गेला आणि मी तिथेच उभी राहिले. आमच्या बागेतलं झाड माझ्या सासऱ्यांनी आणलेल्या कलमाचं. ते कलम आणखी कुणाच्या झाडाचं. असं मागे जात गेलं तर कुठेतरी एकच झाड उरतं, आणि ते मरायच्या आत त्याची फांदी कापणारं कुणीतरी. इतकी वर्षं कलमं विकते आहे, पण त्या माणसाचा विचार मी कधी केलाच नव्हता.