फौजदाराची चोच

सयाजीअण्णांचा जन्म गेला कागलच्या एमआयडीसीत, साच्यातून निघालेलं लोखंड कानशीनं घासण्यात. तळहात असे राठ की तापलेला तवा नुसत्या हातानं उतरवावा. काम सुटल्यावर या गड्यानं पाळला काय, तर कॉकाटील जातीचा पोपट! तुरा उभारून ऐटीत बघायचा, म्हणून नाव फौजदार.

लाड तर विचारू नका. दाणा टोचेल म्हणून दुधात कुस्करलेली भाकरी. बायको बायडाबाई म्हणायची, "दात पडलेल्या सासऱ्याला बी मी एवढं मऊ घातलं न्हाय."

पण पोपटाची चोच नखासारखी वाढतच असते. कडक काही कुरतडलं तरच झिजते. फौजदाराची वाढली, वाकली, गळ्याला टेकली. एका सकाळी त्याला घासच उचलेना. अण्णांनी कानस काढली. बायडाबाईनं ती हिसकावून घेतली.

"ते काय पंपाचं झाकण हाय? चला डाक्टरकडं!"

डॉक्टर भैरवी पोरसवदा, पण पक्की. चोच उजेडाला धरून आतली रक्ताची शीर कुठवर आलीय ते बघितलं. म्हणाली, "टोक तेवढं घासू. अण्णा, टॉवेलात तुम्हीच धरा. मान सांभाळा, पण छाती दाबू नका. छाती हलली नाही तर त्याला श्वास घेता येत नाही."

अण्णांना दरदरून घाम. या हातांना आवळणं तेवढंच ठाऊक!

"अवो, सैल धरा की!"

"सुटंल की गं!"

"अंडं धरल्यागत धरा!"

डॉक्टरचं घासायचं यंत्र घुर्रर्र करायला लागलं. फौजदारानं किंकाळी फोडली. चोचीचा भुगा उडाला. अण्णांच्या मुठीत इवलंसं काळीज धडधडत होतं आणि अण्णांचं त्याहून जोरात.

"झालं," डॉक्टर म्हणाली. "आता कणीस द्या, कडुलिंबाची काडी द्या. भाकरी बंद."

टॉवेल उघडला. अण्णांनी सूर्यफुलाचा दाणा पुढं केला. फौजदारानं दाणा बघितला, अण्णांना बघितलं आणि कचकन बोटच धरलं. रक्त आलं.

"चावला! अगं, चावला की!"

डॉक्टर कापूस घेऊन धावली, तर अण्णा बाहेर. शेळी घेऊन बसलेल्या माणसापुढं बोट नाचवत, "पावणं, बघा बघा, काय पकड हाय!"

आतून बायडाबाई ओरडली, "अवो, या की लवकर! दाणा फोडतोय!"

अण्णा चपला तिथंच टाकून आत पळाले.