तेलाच्या डब्यातली तुळस

समोरच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या शोभाताईंची तुळस तेलाच्या पत्र्याच्या डब्यात होती, आणि डब्याला तारेची कडी. "माझ्याकडे एक कुंडी रिकामी पडलीय, देऊ का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "नको हो. कुंडी उचलायला जड जाते."

शोभाताई लोकांच्या घरी पोळ्या करतात. त्यांच्या घरातलं सगळंच असं चटकन उचलता येण्याजोगं होतं. करार अकरा महिन्यांचा. दर कराराला भाडं वाढायचं आणि त्या आणखी एका घरच्या पोळ्या धरायच्या. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं, नवऱ्याचा हार घातलेला फोटो डब्यांना टेकवलेला. भिंतीत खिळा एकही नाही. माझ्या भिंतींना मात्र भोकंच भोकं आहेत. मनात येईल तिथे मी खिळा ठोकत आले, आणि हे सुख आहे हे मला कधी कळलंच नाही.

यंदाची वाढ काही पोळ्यांनी भागेना. आज सकाळी त्यांचं सामान टेम्पोत चढलं. तुळशीचा डबा जिन्यात ठेवून त्या परत आत गेल्या, म्हणून मी डोकावले. गॅलरीच्या फरशीवर डब्याच्या गंजाचा चौकोन उमटला होता. त्या उकिडव्या बसून तो लिंबू-मिठाने घासत होत्या.

"डाग राहिला तर मालक डिपॉझिटमधून कापतात," त्या मान वर न करता म्हणाल्या.

तीन वर्षं त्या इथे राहिल्याची तेवढीच एक खूण होती. ती पुरती जाईपर्यंत त्या घासत राहिल्या.