मामांचं भाषण, मावशीचा गहू

सर्व प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जळगाव जामोद बसस्थानकाचे निवृत्त वाहतूक नियंत्रक, फलाटांवरील आवाजाचे एकमेव मालक आणि तालुक्यातील एकाही माणसाशी आयुष्यात एकमत न झालेले श्रीपतराव, म्हणजे माझे मामा, हे शेवटच्या प्रवासाला निघाले आहेत. त्यामुळे तालुक्यातील सर्व वादविवाद पुढील सूचनेपर्यंत रद्द करण्यात येत आहेत. प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येणार नाही. मामांनी त्या माइकवरून दिलगिरी हा शब्द कधी उच्चारला नाही, मग त्यांच्या वतीनं मी तरी का उच्चारू?

बातमी मला मी शिकवते त्या शाळेत कळली. मामांचा मुलगा प्रकाश याचा फोन आला. “ताई, बाबा गेले,” एवढंच म्हणाला. माझ्या तोंडून रडू निघायच्या आधी प्रश्न निघाला, की कोनासंग भांडून राह्यले होते? प्रकाश अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “दवाखान्यातल्या सिस्टरसंग. बीपी किती असाव यावर.” आम्ही दोघं फोनवर हसलो आणि मग रडलो. हा क्रम मामांना पसंत पडला असता. अर्थात पसंत आहे असं त्यांनी कबूल केलं नसतं.

मामा माइकवर शुद्ध, इस्त्री केलेलं मराठी बोलत आणि माइक बंद केला की अस्सल वऱ्हाडी. तो शुद्ध आवाज फार निर्दय होता. “लाल पिशवीवाल्या आजी, आपली नांदुऱ्याची गाडी गेलेली आहे. आपण सुनेची निंदा करीत होता, तेव्हाच ती गेली.” अख्खं स्थानक त्या आजींकडे वळून बघे. एका नवरदेवाची गाडी चुकली तेव्हा त्यांनी माइकवरून जाहीर केलं होतं की नवरीकडील मंडळींनी घाई करू नये, अजून विचार करायला वेळ आहे. कुठंही जायचं नसलेली माणसं तिथं येऊन बाकावर बसत, दुसऱ्याची फजिती ऐकायला. आपली पाळी आली की मात्र चेहरा पडे. आणि वादाचं त्यांचं तत्त्व अगदी सोपं होतं. जिकडं गर्दी तिकडं आपण नाही. माझे वडील एकदा दमून त्यांना म्हणाले की भाऊ, तुमचंच बरोबर आहे. मामा घाबरेघुबरे झाले. “तुमाले पटलं? मंग माहं चुकलंच असंन,” म्हणाले आणि तिथल्या तिथं बाजू बदलली.

या मामांची सगळ्यात धाकटी बहीण म्हणजे माझी कौशल्यामावशी. सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव, कोरडवाहू जमिनीचे दोन तुकडे, नवरा लवकर गेलेला, घरात मुलगा सुनील आणि सून. सुनील दिवसा फार गुणी. दिवस मावळला की तो घराचा राहत नसे, दारूच्या दुकानाचा होई. मावशीची सत्ता होती ती पत्र्याच्या कोठीवर. शेतकऱ्यांच्या केशरी रेशनकार्डावर मिळणारा गहू त्या कोठीत पडे, कोठीला कुलूप लागे आणि किल्ली मावशीच्या कमरेला. रोज सकाळी सून दारात येऊन म्हणे, “आत्याबाई, किल्ली.” मावशीला पहिल्यांदा कधीच ऐकू येत नसे. दुसऱ्यांदा येई. मी हे स्वतः पाहिलंय आणि तेव्हा मावशीच्या चेहऱ्यावर जे सुख असे, ते तिच्या लग्नाच्या फोटोतही नाही. गरीब बाईची सत्ता फार गोड नसते हो. पण होती ती तिची होती.

आता तांदळाचं सांगते. आमच्याकडं पोळी-भाकरी चालते, भात सणावारी किंवा आजारपणात. रेशनचा तांदूळ उरतो. तो कुठं जातो हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. मोटारसायकलवर भोंगा लावून खारी-टोस्टवाला येतो, सुपातून तांदूळ जातो, टोपलीतून टोस्ट येतात. मावशीकडं पाहुण्याला चहासोबत जे टोस्ट मिळत ते अशा रीतीनं सरकारी असत.

अशात एका जयंतीला मावशीच्या गावच्या विहाराच्या अंगणात वादविवाद ठेवला. मामा त्याचं हुकमी आकर्षण. विषय होता, गरिबाला सरकारनं धान्य द्यावं की खात्यात पैसे? पैसे देणार, धान्य बंद होणार, अशी कुजबुज तेव्हा जिल्हाभर होतीच. पाहुणे म्हणून पुरवठा खात्यातले एक साहेब मंचावर. गाव एकमुखानं धान्याच्या बाजूनं, म्हणजे मामा पैशाच्या बाजूनं हे न विचारताच ठरलं. पण त्यांच्या जिभेसमोर उभं राहायला कोणी तयार होईना. गावच्या शाळेचे मास्तर घसा बसल्याचं सांगून मोकळे झाले. शेवटी बायकांतून मावशी उठली. तिनं जन्मात माइक हातात धरला नव्हता, पण प्रश्न तिच्या कोठीचा होता.

ती फार थोडं बोलली. म्हणाली, “पैसा घरात येते अन् लगेच बाहेरची वाट पाह्यते. गहू कुठी जात नाही. टाकला तिथी बसून राह्यते. म्हून मले गहू पाह्यजे.” आणि बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या की मंडपातली कुत्री उठून गेली.

मामा उठले. सुरुवात त्यांनी फार सुंदर केली, हे आजही म्हणेन. गरिबानं काय खावं हे दुसऱ्यानं का ठरवावं? श्रीमंताला अनुदान मिळतं तेव्हा त्याच्या दारात कोणी पोतं आणून टाकतं का? तुमच्या नातवाला अंडं खावंसं वाटलं तर गव्हातून ते कसं काढाल? रांगेत उभं राहून, खडे वेचून, वजनात मार खाऊन मिळणाऱ्या दाण्याला तुम्ही हक्क म्हणता? साहेबसुद्धा सरसावून बसले. एवढ्यावर थांबले असते तर आज हा लेख निराळा झाला असता. पण समोरचा नुसता हरून मामांचं पोट भरत नसे, त्याचं हसू व्हावं लागे. त्यांनी बसस्थानकाचा आवाज काढला. “प्रवाशांनी लक्ष द्यावे. कौशल्याबाईंचा तांदूळ फलाट क्रमांक एकवरून टोस्टवाल्याच्या गाडीनं सुटत आहे.” अंगण हसून फुटलं. ज्यांच्या घरचा तांदूळ त्याच गाडीनं जात होता त्या बाया तोंडाला पदर लावून सगळ्यांत जास्त हसत होत्या. मावशी माइकजवळच उभी होती. मामा तिच्याकडं वळले आणि आता वऱ्हाडीत म्हणाले, “अन् तुहा पोरगा पेते म्हून सरकारनं साऱ्या जिल्ह्याले पोते वाहाले लावाव का वं?”

हशा एकदम थांबला नाही. हशा असा थांबत नसतो. थोडा पुढं गेला, मग कळलं, मग थांबला... सुनील पहिल्या रांगेत होता. दिवसाची वेळ, तो पूर्ण शुद्धीत. मावशीनं माइक मास्तरांच्या हातात दिला आणि जाऊन बसली. मग हात वर करून मत घेतलं, तर पैशाच्या बाजूनं हातच हात. माणसं मुद्द्याला नाही, टोस्टच्या गाडीला मत देत होती. सुनीलनं दोन्ही हात वर केले. साहेबांनी मान हलवली, आणि ती हललेली मान सगळ्या गावानं पाहिली.

पुढचं सगळं त्या मानेवर उभं आहे. काही महिन्यांनी आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या केशरी कार्डावर धान्याऐवजी खात्यात पैसे येऊ लागले. असे निर्णय मुंबईत होतात, हे कोणीही शहाणा सांगेल. गावानं मात्र साधा हिशेब जुळवला. श्रीपतराव बोलले, साहेबांनी मान हलवली, सरकारनं केलं. मावशीची तर खात्रीच झाली. मी तिला समजवायला गेले, तर म्हणाली तू मामाच्याच वळणावर गेली.

आणि मामा? मामांनी एकदाही नाही म्हटलं नाही! चहाच्या टपरीवर लोक विचारत, भाऊ, ते तुमच्यामुळंच ना? मामा बशीतला चहा फुंकत बसत. आजूबाजूच्या गावांतून माणसं येऊ लागली की आमच्या रस्त्यावर बोला, शेताच्या पांदणीवर बोला, एकदा वरपर्यंत जाऊ द्या. जन्मभर गाड्यांच्या वेळा सांगितलेल्या माणसाला म्हातारपणी वाटलं की आपण सांगितलं आणि गाडी वळली. हे सुख सोडणं सोपं नव्हतं. बहीण सोडणं सोपं गेलं.

मावशीचं काय झालं? खातं मावशीचं, मेसेज सुनीलच्या मोबाइलवर. पैसे आले की तिला तो मोटारसायकलवर मागं बसवून जळगाव जामोदला बँकेत नेई. येताना ती एकटी एसटीनं येई. कोठी रिकामी झाली, कुलूप गेलं, तिच्यावर सुनेनं मिक्सर ठेवला. आता पीठ दुकानातून येई आणि सुनेच्या डब्यात जाई. मावशी विचारी, बाई, दोन पोळ्यांचं पीठ देतं का? आणि सुनेला पहिल्यांदा ऐकू येत नसे. सुनेला मी दोष देत नाही. शिकली कोणाकडून ते मला माहीत आहे.

मावशीनं भावाशी बोलणं बंद केलं. माहेरी येणं बंद केलं. एकदा मामांनी घरच्या गव्हाचं पोतं ओळखीच्या कंडक्टरबरोबर तिच्या गावी पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीनं पोतं परत आलं. कंडक्टरनं भर फलाटावर निरोप सांगितला, “भाऊ, बाई म्हने, धान्य नको. खात्यात टाक म्हना.” सारं स्थानक हसलं आणि सगळ्यात मोठ्यानं मामा हसले. बहीण कोनाची हाये, असं चार जणांना ऐकवलं. मग पोत्यावरच बसले. समोरून दोन गाड्या गेल्या तरी ते उठले नाहीत, असं कंडक्टरनं मला सांगितलं.

मामांची आणि माझी शेवटची भेट प्रकाशच्या अंगणात झाली. खाटेवर पडले होते, आवाज पातळ झाला होता. बराच वेळ सोयाबीनच्या भावावरून माझ्याशी भांडले. मग एकदम म्हणाले, “कौशल्याच्या कमरेले किल्ली हाये का अजून?” मी म्हटलं, हाव. “अन् कुलूप?” कुलूप नाही, म्हटलं... ते वरच्या लिंबाकडं बघत राहिले. मला वाटलं, हीच वेळ. म्हटलं, मामा, सांगून टाका ना मावशीला, की तो निर्णय तुमच्या भाषणानं झाला नाही. एक फोन करा, ती धावत येईल. त्यांनी खरंच विचार केला. चेहऱ्यावर दिसत होता. मग म्हणाले, “मंग भाषण वाया गेलं म्हन ना.”

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम दुपारी झाला. वंदना झाली, मग एकेक जण श्रद्धांजलीला उठू लागला. माइकवरून ज्यांची मामांनी सालं काढली होती तेच लोक त्यांच्या गोड वाणीबद्दल बोलत होते. मेलेल्याला उत्तर देता येत नाही याचा एवढा फायदा मी कुठं पाहिला नाही. कौशल्यामावशी आली होती. सुनीलनं आणून पुढं बसवली होती. ती रडत नव्हती. फोटोकडं अशी बघत होती, जशी उधारी बुडवून गाव सोडून गेलेल्याच्या बंद दाराकडं बघतात. एक पुढारी उठला आणि म्हणाला की श्रीपतरावांच्या एका भाषणानं शासन हललं, गरिबाच्या खात्यात थेट पैसा आला. टाळ्या वाजवायची जागा नव्हती म्हणून लोकांनी माना हलवल्या. मावशीचा जबडा आवळलेला मला बाजूनं दिसला.

त्यानंतर ते पुरवठ्याचे साहेब उठले. आता निवृत्त, केस पांढरे, मनानं सरळ माणूस. त्यांना वाटलं आपण गंमत सांगतोय. म्हणाले, आज श्रीपतराव नाहीत म्हणून सांगतो. त्या जयंतीला मी मंचावर बसलो होतो तेव्हा वरचा निर्णय होऊन गेला होता. आमच्या कचेरीत सगळ्यांना माहीत होतं, गावात पोचला नव्हता इतकंच. ते पैशाच्या बाजूनं बोलले काय आणि धान्याच्या बाजूनं बोलले काय, काही फरक पडणार नव्हता. पण काय बोलत होते! मला मध्येच सांगून रंगाचा बेरंग करवेना. मी नुसती मान हलवली.

ते हसले. कोणीच हसलं नाही. प्रकाश माझ्याकडं बघू लागला आणि मी मावशीकडं. तिचा आवळलेला जबडा सुटला. तिनं साहेबांकडं पाहिलं, मग फुलांतल्या त्या फोटोकडं, मग पुन्हा साहेबांकडं. ती सुनीलच्या खांद्याला धरून उठली आणि भर मंडपात, माइकशिवाय, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“मंग आता मी शिव्या कोनाले देऊ?”